गाडीचं इंजिन गेलं, मिस्त्री म्हणतो 'कटिंगच्या गाडीचं टाकू'. हो म्हणायच्या आधी हे वाचा

जुलैतली रात्र. पाऊस थांबायचं नाव घेत नाही आणि त्यातच भरतीची वेळ. मीरा रोड पूर्वेला, शांती नगरच्या सेक्टरमधल्या रस्त्यांवर पाणी चढायला लागतं. कुणीतरी गाडी वाचवायला खाली धावतं, पाण्यातून बाहेर काढायला जातं आणि गाडी मध्येच बंद पडते. मग हमखास होणारी चूक होते. पुन्हा चावी फिरवली जाते. आतून 'खट्' असा आवाज येतो आणि इंजिन जाम.

दोन-तीन दिवसांनी गॅरेजमधून फोन येतो. "साहेब, इंजिन गेलं. कंपनीचं नवीन टाकायचं तर गाडीच्या किमतीएवढा खर्च. कुर्ल्याला सेम मॉडेलचं इंजिन मिळतंय, कटिंगच्या गाडीचं. चालू कंडिशन. टाकून देतो, आठवड्यात गाडी घेऊन जा."

कटिंगची गाडी म्हणजे अपघातात चेपलेली किंवा भंगारात निघालेली, सुटे भाग काढण्यासाठी तोडलेली गाडी. इंग्रजीत तिला डोनर कार म्हणतात. तिचं इंजिन काढून आपल्या गाडीत बसवणं हा मुंबई-ठाण्यात जुना, चालत आलेला उपाय आहे. मिस्त्री फसवतोच आहे असं अजिबात नाही. कित्येकदा तो सल्ला बरोबरही असतो. पण तो तुम्हाला फक्त गाडी चालू करून देणार आहे. पुढे आरटीओत, विम्याच्या दाव्यात किंवा नाकाबंदीत उभं राहायची वेळ आली तर तिथे तुम्ही असणार, तो नाही.

आधी एक प्रश्न: इंजिन खरंच गेलंय का?

'इंजिन गेलं' हे वाक्य डॉक्टरने 'तब्येत बरी नाही' म्हणण्यासारखं आहे. नेमकं काय गेलं, हे त्यातून कळत नाही.

पाण्याच्या बाबतीत होतं ते असं. पिस्टन वर येताना सिलिंडरमधली हवा दाबली जाते. हवा दबते, पाणी दबत नाही. हवेच्या पाइपातून पाणी आत शिरलं असेल आणि तशात स्टार्टर मारला, तर पिस्टन पाण्यावर आपटतो आणि सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो. रॉड वाकतो, कधी तुटून ब्लॉकला भोक पाडतो. यालाच हायड्रोलॉक म्हणतात. ब्लॉक फुटला असेल तर ते इंजिन संपलंच. पण गाडी बंद पडल्यावर पुन्हा स्टार्ट केली नसेल, तर अनेकदा प्लग किंवा इंजेक्टर काढून, पाणी बाहेर फेकून, ऑइल आणि फिल्टर बदलून इंजिन सुखरूप सुटतं.

म्हणून निर्णयाआधी मिस्त्रीला तीन गोष्टी करायला सांगा. प्लग काढून क्रँक हाताने फिरतो का ते पाहणं, प्रत्येक सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट घेणं आणि शक्य असेल तर बारीक कॅमेरा आत सोडून बघणं. बहुतेक पेट्रोल इंजिनांत कॉम्प्रेशन साधारण १५० ते २०० पीएसआयच्या दरम्यान येतं; डिझेलमध्ये ते बरंच जास्त असतं. आकड्यापेक्षाही सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. तीन सिलिंडर सारखे आणि एकच पडलेला असेल, तर दोष तिथेच शोधायचा. गाडी गरम होऊन बंद पडली असेल तर बहुतेक वेळा हेड गॅस्केट जळलेलं असतं किंवा हेड वाकलेलं असतं. ते लेथवाल्याकडे प्लेन करून मिळतं. त्यासाठी अख्खं इंजिन बदलायची गरज नसते.

आणि हो, विमा असेल तर इंजिन उघडायच्या आधी विमा कंपनीला कळवा. सर्व्हेयरने पाहण्याआधी इंजिन खोललं, तर दाव्यावर प्रश्न उभे राहतात. साध्या पॉलिसीत पाण्याने झालेलं इंजिनचं आतलं नुकसान सहसा धरलं जात नाही. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' नावाचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. पॉलिसीच्या पहिल्या पानावर ते आहे का, हे मीरा रोडसारख्या सखल भागात राहणाऱ्यांनी पावसाळ्याआधीच बघून ठेवलेलं बरं.

कुर्ला, मायापुरी, सोतीगंज

इंजिन खरंच गेलं, हे नक्की झालं असं धरू. आता दुसरं इंजिन येणार कुठून?

मुंबईत याचं पहिलं उत्तर कुर्ला. कुर्ला पश्चिमेचा सीएसटी रोड सुट्या भागांसाठी आणि भंगारासाठी अनेक वर्षांपासून ओळखला जातो. याच कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता, जिथे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झालेली पद्मिनी बनायची. पद्मिनीचं १,०८९ सीसीचं इंजिन इतकी वर्षं जवळपास तसंच राहिलं की एका टॅक्सीचं इंजिन दुसरीत बसवण्यात यांत्रिक कोडं असं काही नव्हतंच. सुटे भाग सगळीकडे, मिस्त्री गल्लोगल्ली. मुंबईतल्या कित्येक गॅरेजवाल्यांच्या 'टाकून देतो' या आत्मविश्वासाची मुळं त्या काळात आहेत. आजच्या गाडीत इंजिनइतकंच वायरिंग आणि संगणक महत्त्वाचा झालाय, हा फरक मात्र त्यात सुटतो.

दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट, तशी मेरठमध्ये सोतीगंज नावाची बाजारपेठ होती. उत्तर भारतात चोरलेल्या गाड्या तिथे तुकडे होऊन विकल्या जातात, असा आरोप वर्षानुवर्षं होत होता. २०२१ मध्ये उत्तर प्रदेश पोलिसांनी मोठी कारवाई केली आणि त्या वर्षाअखेरीस बाजार बंद पडला. पंतप्रधानांच्या भाषणातही त्याचा उल्लेख झाला. सांगायचा मुद्दा असा की जुन्या इंजिनचा बाजार सगळाच काळा नाही, पण काळा माल खपवायला यासारखी सोयीची जागाही नाही. दुकानाच्या फळीवर ठेवलेली दोन इंजिनं दिसायला सारखीच असतात. त्यातलं एक मागून ठोकलेल्या गाडीतून कायदेशीर आलेलं असतं आणि दुसरं कुणाच्या तरी सोसायटीखालून रात्रीतून गेलेल्या गाडीचं.

फरक फक्त नंबरात असतो.

इंजिन नंबर म्हणजे गाडीचा आधार क्रमांक

प्रत्येक गाडीच्या आरसीवर दोन ओळखी असतात, चॅसी नंबर आणि इंजिन नंबर. इंजिन बदललं की दुसरी ओळख बदलते. गाडी तुमची, कागद तुमचे, पण बॉनेटखाली नोंद दुसऱ्याच गाडीची. आरसीवर हा बदल चढला नाही, तर कागदावर आणि प्रत्यक्षात असलेली गाडी एक राहत नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांबद्दलची तरतूद आहे. सोप्या मराठीत सांगायचं तर उत्पादक कंपनीने मुळात जे तपशील दिले आणि जे आरसीवर नोंदले गेले, त्यांच्याशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीसाठी मान्यताप्राप्त किट बसवायची वेगळी सोय त्यात आहे. इंजिन बदलल्याची माहिती १४ दिवसांत आपल्या भागातल्या आरटीओला देऊन आरसीवर नोंद करून घेणंही त्याच कलमात येतं. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती आधी लागते.

'त्याच मेकचं आणि त्याच प्रकारचं इंजिन' असे शब्दही या कलमात आहेत, आणि गॅरेजमध्ये ते अर्धवट सांगितले जातात. 'सेम इंजिन टाकलं तर परवानगी लागत नाही साहेब', हे ऐकलंय ना? ती मुभा राज्य सरकार अधिसूचना काढून देऊ शकतं, पण किमान दहा व्यावसायिक वाहनं असलेल्या मालकाला. एसटी किंवा मोठे ट्रकवाले डोळ्यांसमोर आणा. शांती नगरात एक हॅचबॅक असलेल्या कुटुंबासाठी ती नाही.

२०१९ हे वर्ष इथे दोनदा येतं. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात निकाल दिला, ज्यात एका बाजूला प्रादेशिक परिवहन अधिकारी आणि दुसऱ्या बाजूला के. जयचंद्र होते. उत्पादकाने ठरवलेली मूळ वैशिष्ट्यं बदलणारा फेरफार चालणार नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेला फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग कटिंगच्या गाडीचं इंजिन बेकायदेशीर आहे का? तसं नाही. तुमच्या गाडीच्या त्याच मॉडेलचं, त्याच क्षमतेचं, त्याच इंधनाचं आणि त्याच प्रदूषण मानकाचं इंजिन, पक्क्या बिलासह आणि आरटीओच्या परवानगीने बसवलं तर मूळ वैशिष्ट्य बदलत नाही, फक्त नंबर बदलतो. पेट्रोल गाडीत डिझेल, १.२ लिटरच्या जागी १.५, बीएस-६ गाडीत बीएस-४ असा प्रकार मात्र यात बसत नाही. यूट्यूबवर दिसणारी जबरदस्त स्वॅप प्रोजेक्ट पाहायला छान वाटतात; त्यातल्या किती गाड्यांच्या आरसीवर नवा नंबर चढलाय हे व्हिडिओत कुणी दाखवत नाही.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी आरटीओत विचारणा आणि अर्ज, मग काम, मग मोटार वाहन निरीक्षकाकडून तपासणी आणि नोंद. परिवहन पोर्टलवर वाहनातील फेरफाराची सेवा आहे. मूळ आरसी, विमा, पीयूसी, इंजिनचं बिल आणि इंजिन ज्या गाडीचं होतं तिचे कागद तयार ठेवावे लागतात. आपल्या कार्यालयात आणखी काय मागतात ते आधी विचारून घेतलेलं चांगलं. मीरा-भाईंदरच्या गाड्या वर्षानुवर्षं एमएच-०४, म्हणजे ठाण्याच्या. घोडबंदर रोडची कोंडी पार करून ठाण्याला जायचं, हा इथल्या गाडीमालकांचा जुना वैताग. २०२५ मध्ये शहरासाठी एमएच-५८ हा स्वतंत्र क्रमांक मंजूर झाला. त्यामुळे आपल्या गाडीचं काम नेमकं कोणत्या कार्यालयात होणार, हे निघायच्या आधी पोर्टलवर पाहून घ्या.

नोंद झाली की विमा कंपनीला नवा इंजिन नंबर कळवून पॉलिसीत बदल करून घ्यायचा. हे काम सर्वांत जास्त विसरलं जातं. अपघात झाला, सर्व्हेयरने बॉनेट उघडलं आणि नंबर जुळला नाही, की दावा तिथेच अडकतो. पीयूसीच्या मशीनला इंजिन नंबर दिसत नाही, त्यामुळे 'पीयूसी निघाली म्हणजे सगळं ओके' हा दिलासा खोटा आहे.

चोरीचं इंजिन कसं ओळखायचं?

दुकानात सगळ्यात आधी ब्लॉकवरचा नंबर पाहा. तो घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा त्यावर ताजा रंग असेल तर भाव कितीही चांगला असला तरी परत फिरा. नंबर स्वच्छ असेल तर त्या गाडीच्या आरसीची प्रत मागा आणि दोन्ही नंबर जुळवा. गाडी पूर्ण निकामी झाली असेल तर मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते, ही कलम ५५ मधली तरतूद. नोंदणी रद्द झाल्याचा कागद दुकानदाराकडे असेल तर उत्तम.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची, म्हणजे एनसीआरबीची, 'वाहन समन्वय' यंत्रणा आहे. तिथे गाडीचा क्रमांक, चॅसी नंबर आणि इंजिन नंबर टाकून ते वाहन पोलिसांच्या चोरीच्या यादीत आहे का ते पाहता येतं. जुनी गाडी घेताना लोक हे करतात, इंजिन घेताना फारसं कुणी करत नाही. खरं तर इंजिन घेतानाच त्याची जास्त गरज आहे.

कारण 'मला माहीत नव्हतं' हे उत्तर प्रत्येक वेळी पुरत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार चोरीची मालमत्ता आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला कारण असताना ती अप्रामाणिकपणे घेणं हा गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बिल नाही, नंबर घासलेला आणि भाव निम्मा, या तीन गोष्टी एकत्र आल्या तर 'मानायला कारण' नव्हतं हे सांगणं कठीण जातं.

एकच इंजिन, डझनभर गाड्या: १.३ डिझेलचं उदाहरण

'सेम इंजिन' या शब्दात किती गफलत होऊ शकते, हे फियाटच्या १.३ लिटर मल्टिजेट डिझेलवरून चांगलं कळतं. १,२४८ सीसीचं हे इंजिन भारतात इतक्या गाड्यांत बसलं की त्याला गमतीने 'राष्ट्रीय इंजिन' म्हटलं जायचं. मारुतीच्या स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा, सियाझ, ब्रेझा. टाटाची इंडिका व्हिस्टा आणि मांझा. फियाटची पुंटो आणि लिनिया. इतकंच काय, चिंचवडमध्ये बनणाऱ्या प्रीमियर रिओमध्येही ते आलं. पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात ते तयार व्हायचं, मारुती स्वतःसाठी हरियाणात बनवायची. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू झालं आणि मारुतीने ते बंद केलं.

आता कुणाकडे २०१४ ची स्विफ्ट डिझेल आहे आणि गॅरेजवाला व्हिस्टाचं इंजिन आणतो. ब्लॉक खरोखर त्याच घराण्यातला. पण यातली काही इंजिनं ७५ पीएसची, साध्या टर्बोची; काही ९० पीएसची, वेगळ्या टर्बोची. माउंटिंग वेगळं, वायरिंगचं कनेक्शन वेगळं, ईसीयू वेगळा. कॉमन रेल डिझेलमध्ये अनेक इंजेक्टरना स्वतःचा कोड असतो, तो ईसीयूत भरावा लागतो; नाही भरला तर धूर आणि खडखड. चावीतल्या चिपशी बोलणारं इमोबिलायझर जुळलं नाही तर गाडी स्टार्टच होत नाही. शिवाय आरटीओच्या टेबलावर मारुतीच्या गाडीत टाटाच्या नावाचं इंजिन कसं, या प्रश्नाला 'मुळात दोघांचंही फियाटचंच' हे उत्तर जाणकारांच्या गप्पांत चालेल, अर्जावर चालणार नाही.

म्हणून स्विफ्टसाठी स्विफ्टचंच, त्याच पिढीचं, त्याच मानकाचं घ्या. शक्य असेल तर टर्बो, इंजेक्टर आणि सेन्सरसह पूर्ण संच घ्या, आणि आपला ईसीयू वापरायचा की त्याचा, हे काम सुरू होण्याआधी ठरवा.

इंजिन विकत घेताना

सगळ्यात चांगली कटिंगची गाडी म्हणजे मागून किंवा बाजूने ठोकलेली. समोरून धडकलेल्या गाडीत रेडिएटर फुटल्यावरही इंजिन काही वेळ चालत राहिलेलं असू शकतं, आणि ती गरमी बाहेरून दिसत नाही. पुरात बुडालेल्या गाडीचं इंजिन घेणं म्हणजे आपला आजार देऊन तोच आजार विकत आणणं. ऑइल कॅपखाली दुधाळ चिखल आणि बोल्टवर एकसारखा गंज दिसला की समजून जा. आणि पेट्रोल इंजिन घेत असाल तर ते सीएनजीवर चाललंय का हे विचारा. टॅक्सीत वर्षानुवर्षं गॅसवर पळालेल्या इंजिनचे व्हॉल्व्ह आणि त्यांच्या सीट जास्त झिजलेल्या असतात. मीटरमधले किलोमीटर या बाजारात फारसे विश्वासाचे नसतात, कॉम्प्रेशन टेस्ट असते. जमिनीवर ठेवलेल्या इंजिनचीही स्टार्टर लावून ती घेता येते. दुकानदार नाही म्हणत असेल तर त्यातच उत्तर आलं.

बसवण्याआधी इंजिन बाहेर असतानाच क्लच प्लेट, क्रँकचं मागचं ऑइल सील, वॉटर पंप आणि टायमिंगची चेन किंवा बेल्ट तपासून घ्या. नंतर यातलं एकेक करायचं म्हणजे पुन्हा इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवायची मजुरी.

पैशाचं गणित कुठे फिरतं?

कटिंगच्या इंजिनचा भाव ऐकून तो कमी वाटतो, कारण तो फक्त इंजिनचा असतो. समजा गाडीची आजची बाजारातली किंमत २ लाख आहे आणि इंजिन ५० हजारांना मिळतंय. त्यात उतरवायची-बसवायची मजुरी, क्लच-सील-पंप, ऑइल, कूलंट, वायरिंगचं काम आणि आरटीओच्या फेऱ्या धरल्या की आकडा ८० हजारांच्या आसपास जाऊ शकतो. त्याच मिस्त्रीकडून आपलंच इंजिन बोअर करून, नवीन पिस्टन-रिंग आणि बेअरिंग टाकून बनवायचा खर्च विचारा. तो ९० हजार निघाला तर वरचे १० हजार देऊन आपलं इंजिन ठेवणं बहुतेकांसाठी शहाणपणाचं. इंजिन नंबर तोच, आरसी तीच, विमा तोच आणि आतला प्रत्येक भाग कसा आहे ते माहीत. ब्लॉक फुटलाय किंवा क्रँक कामातून गेलाय, तेव्हाच कटिंगच्या इंजिनचं पारडं खऱ्या अर्थाने जड होतं.

गाडीचं वय यात फार मोठी भूमिका बजावतं, आणि इंजिन बदलल्याने ते कमी होत नाही. खासगी गाडीची नोंदणी पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षं चालते. २०१४ च्या गाडीत २०१९ चं इंजिन बसवलं तरी मुदत २०२९ लाच संपते. त्यानंतर फिटनेस तपासणी, पर्यावरण कर आणि नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून कारच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांवरच्या गाडीसाठी ते १०,००० झालं. वयाची सरसकट बंदी महाराष्ट्रात खासगी गाड्यांवर नाही, त्यामुळे चांगली जपलेली गाडी पुढेही चालवता येते. पण तळाला गंज लागलाय, सस्पेन्शन खडखडतंय, एसी बंद आहे आणि नोंदणीची दोनच वर्षं उरलीत, अशा गाडीत दुसरं इंजिन टाकणं भावनिक निर्णय असू शकतो, आर्थिक नाही. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात गाडी दिली तर ठेव प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर नव्या गाडीच्या करात सवलत घेता येते.

एक गोष्ट राहते, ती म्हणजे तुमचं जुनं इंजिन. गॅरेजवाला बहुतेक वेळा म्हणतो, 'ते इथेच ठेवा, भंगारात बघतो, बिलातून दोन-तीन हजार कमी करतो.' त्या ब्लॉकवर तुमच्या गाडीचा नंबर आहे. तो दुरुस्त होऊन उद्या तिसऱ्याच गाडीत बसू शकतो, आणि त्या गाडीने काही केलं तर पोलिसांचा पहिला फोन त्या नंबरच्या जुन्या मालकाला येतो. इंजिन द्यायचं असेल तर कुणाला दिलं, कोणत्या तारखेला, कोणत्या नंबरचं, याची सही-शिक्क्याची पावती घ्या, नंबरचा फोटो काढा आणि आरटीओत नव्या इंजिनची नोंद करतानाच जुन्याचं काय केलं तेही त्याच फाइलला जोडून टाका.